एसजीपीटी ६८: रिपोर्ट आल्यानंतर

रिपोर्ट बहुतेक वेळा रात्री येतो. लॅबचा मेसेज, त्यात लिंक, लिंकमध्ये आठ-दहा पानांची पीडीएफ. दवाखाना बंद झालेला असतो. पानं सरकवताना डोळा ठळक अक्षरांवर अडतो: एसजीपीटी ६८, शेजारी ‘एच’. सोबतच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’. माणूस मोबाइलवर शोधायला लागतो आणि चार-पाच ओळींतच त्याला ‘सिरॉसिस’ भेटतो. मग उठून आरशासमोर जायचं, खालची पापणी ओढून डोळ्यांचा पांढरा भाग पाहायचा, उजव्या बरगडीखाली बोटांनी दाबून पाहायचं. सकाळपर्यंत तिथे खरंच दुखायला लागलेलं असतं.

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं काउंटरवरच पाकीट उघडायची आणि आमच्या चेहऱ्याकडे बघायची. निदान करणं हे डॉक्टरांचं काम, त्यामुळे आम्ही गप्प बसायचो. पण तो आकडा कुठून येतो, कशामुळे हलतो आणि त्यातून काय कळत नाही, हे समजून घ्यायला कुणाचीच हरकत नसावी. ‘काळजी करू नका’ म्हटल्याने घाबरलेल्या माणसाच्या हाती काही लागत नाही. त्याला स्वतःचा रिपोर्ट वाचता यायला हवा.

सुरुवात त्या ‘एच’पासूनच करू. रिपोर्टच्या उजव्या बाजूला जी मर्यादा छापलेली असते, ती साधारणपणे निरोगी समजल्या गेलेल्या माणसांचे आकडे मांडून ठरवतात. त्यांतले मधले ९५ टक्के आत घेतात; वरचे अडीच आणि खालचे अडीच टक्के बाहेर राहतात. म्हणजे शंभर निरोगी माणसांतल्या पाचांचा आकडा मर्यादेबाहेर जाणारच, ती मर्यादाच तशी आखलेली आहे. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकाच निरोगी माणसावर केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या मर्यादेत येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. उरलेल्या ६४ टक्के वेळा कुठे ना कुठे एक ‘एच’ किंवा ‘एल’ लागेलच. प्रत्यक्षात रक्तातल्या बऱ्याच गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे हा हिशोब जसाच्या तसा लागू पडत नाही. पण सत्तर-ऐंशी तपासण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज घेतलेल्या माणसाला एकही ठळक आकडा दिसला नाही, तर ते नवल म्हणायचं. वाढदिवसाची भेट म्हणून आईवडिलांना असं पॅकेज देण्याची पद्धत हल्ली रुळली आहे. त्यामागची माया खरी असते, पण कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय हे न ठरवता केलेली तपासणी उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त घेऊन येते, असं माझं मत आहे.

मर्यादाही सगळीकडे सारखी नसते. एका लॅबमध्ये एसजीपीटीची वरची सीमा ४० असते, दुसरीकडे ५५. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ एवढीच सीमा सुचवली. म्हणून दोन लॅबचे आकडे शेजारीशेजारी ठेवून ‘वाढलं’, ‘कमी झालं’ असं ठरवायचं नसतं.

आता एसजीपीटी आणि एसजीओटी म्हणजे काय ते पाहू. काही लॅब त्यांना एएलटी आणि एएसटी लिहितात, गोष्ट तीच. ही पेशीच्या आत काम करणारी विकरं, एन्झाइम्स. पेशी जुन्या होऊन मरत असतात, त्यांच्यातून थोडी विकरं रक्तात येत राहतात, म्हणून ठणठणीत माणसाचाही आकडा शून्य नसतो. पेशींना इजा झाली की ती जास्त येतात. गोदामाच्या भिंतीला चीर पडली की माल रस्त्यावर सांडतो, तसं हे आहे. सांडलेल्या मालावरून चीर पडल्याचं कळतं. आत कामकाज कसं चाललंय, ते त्यावरून कळत नाही.

हे मनात पक्कं बसलं पाहिजे, कारण काळजीचा मोठा भाग ‘आकडा जेवढा मोठा, आजार तेवढा मोठा’ या समजुतीवर उभा असतो. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई मध्ये, एसजीपीटी हजाराच्या वर जातो आणि बहुतेक माणसं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. उलट सिरॉसिस झालेल्या, म्हणजे यकृतात चट्टे पडून ते कडक आणि गाठाळ झालेल्या माणसाचा एसजीपीटी ३० असू शकतो. मर्यादेच्या दीड-दोन पट आकडा ही सौम्य वाढ. ती का झाली हे शोधायचं असतं, पण त्यासाठी रात्रीचा दिवस करावा लागत नाही.

एसजीओटीची तर जन्मकथाच हृदयाच्या बाजूने सुरू होते. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन लाड्यू, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन यांनी दाखवलं, की हार्ट अटॅक आलेल्यांच्या रक्तात हे विकर वाढतं. यकृताच्या आजारांसाठी त्याचा वापर त्यानंतरचा. आज हृदयासाठी ट्रोपोनिन ही कितीतरी नेमकी तपासणी आहे, त्यामुळे एसजीओटीवरून कुणी हार्ट अटॅक ठरवत नाही. पण मुद्दा कायम आहे: एसजीओटी हृदयात, हातापायांच्या स्नायूंत, लाल रक्तपेशींतही असतं. आदल्या दिवशी जिममध्ये जोरात वजनं उचलली, किंवा बऱ्याच दिवसांनी एखादा गड चढून आलात, तर स्नायूंतून ते रक्तात उतरतं आणि काही दिवस वाढलेलं राहतं. जोरकस व्यायामाने एसजीपीटीसुद्धा थोडं हलतं. अशा वेळी डॉक्टर सीपीके नावाची स्नायूंची तपासणी करून घेतात आणि उलगडा होतो. डेंग्यूतही एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त वाढलेलं दिसतं. सुई घालताना त्रास झाला, ट्यूब जोरात हलवली गेली, लाल पेशी फुटल्या, तरी एसजीओटी आणि पोटॅशियम खोटंच वाढतं. चांगली लॅब अशा नमुन्यावर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मारते. तो शेरा शोधा, रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात असतो.

यकृताच्या यादीत अल्कलाइन फॉस्फटेजही असतं. ते हाडांतूनही येतं, म्हणून वाढीच्या वयातल्या मुलांमध्ये आणि हाड जुळून येत असताना जास्त दिसतं. गरोदरपणात वारेतून येतं. ते यकृताचं की हाडांचं हे गॅमा जीटी नावाच्या तपासणीवरून कळतं.

बिलिरुबिनवर मात्र थोडं थांबायला हवं. काविळीची आपल्याकडची धास्ती जुनी आहे. लाल पेशी मोडल्यावर त्यांतल्या रंगद्रव्यापासून बिलिरुबिन बनतं. यकृत त्यावर प्रक्रिया करून त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करतं आणि पित्तातून बाहेर टाकतं. प्रक्रियेआधीचं ते ‘इनडायरेक्ट’, प्रक्रियेनंतरचं ‘डायरेक्ट’. एकूण आकडा साधारण १.२ पर्यंत असतो, आणि डोळे पिवळे दिसायला तो अडीच-तीनच्या घरात जावा लागतो.

आता असा एक रिपोर्ट समजा: एकूण १.९, डायरेक्ट ०.३, बाकी एसजीपीटीपासून अल्ब्युमिनपर्यंत सगळं छान, हिमोग्लोबिन नीट. माणूस पंचविशीचा, धडधाकट. रक्तपेशी जास्त प्रमाणात मोडत नाहीत ना, एवढं डॉक्टर पाहून घेतात, आणि मग हे बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम निघतं. फ्रान्समध्ये ओग्युस्तॅं गिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये त्याचं वर्णन केलं. बिलिरुबिनवर प्रक्रिया करणारं एक विकर या माणसांत जन्मतःच थोडं कमी काम करतं. शंभरातल्या साधारण पाचजणांत हे असतं, त्याने यकृत खराब होत नाही आणि त्याला औषध लागत नाही. ताप, जागरण, श्रम आणि विशेषतः उपाशी राहणं यांनी आकडा वर जातो. त्यामुळे नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास केलेल्या, किंवा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी न जेवताच रक्त दिलेल्या अशा माणसाचं बिलिरुबिन त्याच्या एरवीच्या आकड्यापेक्षा वर दिसलं तर बिचकायचं कारण नसतं. ‘काविळीची सुरुवात आहे’ म्हणून महिनोन्महिने बिनतेलाचं जेवण आणि उसाचा रस यांवर ठेवलेली गिल्बर्टची मुलं मी पाहिली आहेत. त्या मुलांसाठी मला अजून वाईट वाटतं. एकदा निदान पक्कं झालं की ते कागदावर लिहून घ्यावं आणि पुढे प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगावं, म्हणजे तीच शोधाशोध पुन्हा सुरू होत नाही.

यकृताचं प्रत्यक्ष काम दाखवणाऱ्या ओळी वेगळ्याच असतात, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. एक अल्ब्युमिन. हे प्रथिन यकृतच बनवतं आणि ते रक्तात सुमारे तीन आठवड्यांत निम्मं होतं. म्हणून ते घटलेलं दिसलं तर यकृताचा त्रास बहुधा काही काळापासूनचा असतो, अर्थात कुपोषण किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर. दुसरी प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि तिच्यावरून काढलेला आयएनआर. रक्त गोठवणारे घटकही यकृत बनवतं, आणि त्यांतला एक तर काही तासांतच निम्मा होतो. म्हणून तीव्र आजारात यकृत ढेपाळायला लागलं की आयएनआर लवकर बोलतो. काविळीच्या रुग्णाचा एसजीपीटी बाराशे आहे की दोन हजार, यापेक्षा आयएनआर वाढतोय का आणि माणूस गुंगीत जातोय का, याकडे डॉक्टरांचं लक्ष असतं. तिसरी ओळ यकृताच्या पानावर नसतेच, ती रक्तपेशी मोजणाऱ्या सीबीसीच्या पानावर असते: प्लेटलेट्स. यकृत कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त तुंबतं, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट्स अडकवून ठेवते. त्यामुळे वर्षानुवर्षं हळूहळू उतरणाऱ्या प्लेटलेट्स हा सिरॉसिसचा एक लवकरचा इशारा असू शकतो.

या ओळी एकत्र वाचण्यासाठी एक साधं गणित आहे, फिब-४. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. प्लेटलेट्स हजारांत घ्यायच्या, म्हणजे रिपोर्टमध्ये २.३ लाख असतील तर २३०. वरचा आपला रिपोर्ट घेऊ: वय ४५, एसजीओटी ४१, एसजीपीटी ६८, प्लेटलेट्स २.३ लाख. वरती १८४५, खाली ६८ चं वर्गमूळ ८.२५ गुणिले २३०, म्हणजे सुमारे १८९७. उत्तर ०.९७. हे १.३ पेक्षा कमी असेल तर यकृतात मोठ्या प्रमाणावर चट्टे असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं तर तज्ज्ञांकडे जायलाच हवं. मधे आलं तर पुढची तपासणी.

आता दुसरा रिपोर्ट. वय ६२, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३०, प्लेटलेट्स १.१ लाख. यकृताच्या पानावर एकही ‘एच’ नाही. फिब-४ येतो ३.९. रात्रभर जागला तो पहिला माणूस, आणि डॉक्टरांकडे लवकर जायला हवं ते या दुसऱ्याने. हे गणित पस्तिशीच्या आत नीट चालत नाही, पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही सीमा धरतात, आणि डेंग्यूसारख्या तापाने प्लेटलेट्स उतरल्या असतील तर ते करायचंच नसतं. ते निदान नव्हे, चाळणी आहे. पण घरी बसून चिंता करण्यापेक्षा हे उत्तर कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवणं कितीतरी उपयोगाचं.

सोनोग्राफीतल्या ग्रेडबद्दल फार गैरसमज आहेत. यकृतात चरबी साठली की सोनोग्राफीच्या पडद्यावर ते जास्त पांढरं, चकचकीत दिसतं. किती पांढरं, यावरून ग्रेड १, २, ३ ठरते. ती चरबीची ढोबळ पायरी आहे आणि ती पाहणाऱ्याच्या नजरेवर बरीच अवलंबून असते, म्हणून एका सेंटरवर १ आणि दुसरीकडे २ येऊ शकते. ग्रेड ३ म्हणजे कॅन्सरच्या तिसऱ्या स्टेजसारखं काही, असं समजून रडणारी माणसं भेटतात. तसा काहीही संबंध नाही. चट्टे किती, हे मोजणारी पट्टी वेगळी: एफ० ते एफ४. एफ४ म्हणजे सिरॉसिस. आणि ग्रेड १ वाल्याला चट्टे असू शकतात, ग्रेड ३ वाल्याला नसूही शकतात.

चट्ट्यांचा अंदाज घ्यायला फायब्रोस्कॅन करतात. बरगड्यांच्या मधून यकृताकडे एक हलकी थाप दिली जाते, तिची लाट आत किती वेगाने जाते ते यंत्र मोजतं. कडक पेशीजालातून लाट वेगाने जाते. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं, आणि ते ८ च्या खाली असेल तर गंभीर चट्टे नसल्याची बऱ्यापैकी खात्री मिळते. दुखत नाही, सुई नाही, काही मिनिटांत होतं. मात्र आधी किमान तीन तास काही खाऊ नये, कारण जेवणानंतर यकृतात रक्त वाढतं आणि आकडा फुगतो. चालू काविळीत तो फुगतो. हृदयाचं पंपिंग कमी पडून रक्त मागे यकृतात तुंबलं, तरी तो फुगतो. म्हणूनच फायब्रोस्कॅनचा मोठा आकडा पाहून चांगले डॉक्टर कधीकधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतात.

हृदयाचा उल्लेख निघालाच आहे तर इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांच्या मृत्यूचं पहिलं कारण यकृताचा आजार नसून हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार आहेत. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदललं, ते शरीरातल्या चयापचयाच्या बिघाडाशी जोडलं. त्यामुळे ग्रेड १ वाचून जी ऊर्जा काळजीत जाते ती रक्तदाब, तीन महिन्यांची साखर, कोलेस्टेरॉल आणि कंबरेचा घेर यांच्याकडे वळवावी. आपल्या लोकांसाठी घेराची सीमा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८० सेंटिमीटर. आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन दिलं असेल, तर एसजीपीटी थोडं वाढलेलं दिसलं म्हणून ते मनानेच बंद करू नका. फॅटी लिव्हरमधली सौम्य वाढ हे स्टॅटिन थांबवण्याचं कारण धरत नाहीत. यकृताच्या भीतीने हृदयाचं औषध सोडणं हा मला या साऱ्यातला सगळ्यात धोक्याचा वळसा वाटतो.

काळजी माणसाला आणखी एका वाटेला नेते, ती म्हणजे ‘लिव्हर साफ’ करणारे काढे. गुळवेल, आवळा-कोरफडीचे रस, ओळखीच्यांकडून आलेल्या पुड्या. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. तो वाद ज्यांचा त्यांनी सोडवावा. रुग्णाने करायची गोष्ट सोपी आहे: जे काही पोटात जातं त्याची पूर्ण यादी डॉक्टरांना सांगायची. काढा, प्रोटीन पावडर, दुखण्याच्या गोळ्या, टीबीची औषधं, सगळं. टीबीच्या गोळ्या चालू असताना मळमळ, उलट्या किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. आणि दारू किती, किती वर्षं, हे खरं सांगायचं. बायको किंवा वडील शेजारी बसलेत म्हणून आकडा अर्धा सांगितला, तर पुढच्या सगळ्या तपासण्या चुकीच्या दिशेला जातात. घरच्यांना बाहेर थांबायला सांगा, हवं तर.

गावठी औषधाने कावीळ उतरल्याचा अनुभव खोटा नसतो, कारण हिपॅटायटिस ए आणि ई बहुधा आपलीआपणच उतरते. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून मोठी साथ आली होती, अशा साथीतही बहुसंख्य रुग्ण बरेच होतात. औषधाला श्रेय मिळून जातं. मात्र गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाली, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तर तो जिवावरचा प्रसंग असतो. तिला पुडी, दोरा, डाग यांत एक तासही अडकवू नये, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं.

काळजी करणाऱ्यांनी मुद्दाम करून घ्यावी अशी तपासणी विचाराल तर मी हिपॅटायटिस बी आणि सी सांगेन, आयुष्यात निदान एकदा. दोन्ही आजार वर्षानुवर्षं गप्प राहतात. सी वर आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक पूर्ण बरे होतात, बी आटोक्यात ठेवता येतो आणि त्याची लस आहे. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात विचारा.

आता शरीराकडे. यकृताच्या आतल्या भागाला दुखणं कळवणाऱ्या नसा नाहीत. दुखतं ते त्याचं आवरण ताणलं गेलं तर, आणि तेही बोथट, जडपणासारखं. टोचणारं, बोट ठेवून दाखवता येणारं, वळल्यावर वाढणारं दुखणं बहुतेकदा बरगड्यांच्या स्नायूंचं असतं, आणि दिवसातून वीस वेळा दाबून पाहिलं की ते होणारच. डोळे पाहायचेच तर दिवसाच्या उजेडात पाहावेत. काविळीत पांढरा भाग सर्वत्र सारखा पिवळा होतो. कोपऱ्यातला एखादा पिवळसर उंचवटा काविळीचा नसतो. तळहात पिवळे आणि डोळे पांढरे, तर गाजरं जास्त खाल्ली का ते आठवा. बी-कॉम्प्लेक्सने लघवी झळझळीत पिवळी होते, सकाळची लघवी गडद असते. काविळीतली लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि पाणी पिऊनही तशीच राहते.

ज्या लक्षणांत थांबायचं नाही ती अशी: डोळे पिवळे होणं, पोट फुगून पाणी साठणं, पायांवर सूज, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, दिवसा झोप आणि रात्री जाग असा उलटा क्रम, बोलण्यात गोंधळ. रक्ताची उलटी, काळी शी किंवा गोंधळ असेल तर रात्री दोन वाजता असो, रुग्णालयातच. छातीत दाब येऊन घाम फुटला, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर तो ‘गॅस’ आहे का हे घरी ठरवायचं नाही. ईसीजी करायचा.

हे सगळं समजूनही काळजी जात नाही, असं अनेकांचं होतं. ब्रिटनमध्ये पॉल सॅल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८० च्या दशकात या आरोग्याच्या काळजीचं चक्र नीट मांडलं. शंका येते, जीव घाबरा होतो, माणूस तपासून पाहतो किंवा कुणाला तरी विचारतो, ‘काही नाही’ असं ऐकून हायसं वाटतं. हा दिलासा थोडा वेळच टिकतो, आणि मन शिकतं ते एवढंच, की बरं वाटायला तपासावं लागतं. पुढच्या वेळी शंका लवकर येते. दर पंधरा दिवसांनी एसजीपीटी करणाऱ्या माणसाला ६८, ६१, ७३, ६४ असे आकडे मिळतात. त्यांतला फरक रोजच्या चढउताराचा असतो, पण त्याचा प्रत्येक पंधरवडा त्या आकड्यावर चांगला किंवा वाईट जातो.

यातून बाहेर पडायला तपासण्या बंद करायच्या नाहीत, त्यांना वेळापत्रक द्यायचं. सौम्य वाढ असेल तर डॉक्टर साधारणपणे काही आठवडे ते तीन महिन्यांनी पुन्हा पाहतात. फॅटी लिव्हरमध्ये फिब-४ कमी असेल तर मधुमेह नसलेल्यांनी तो दोन-तीन वर्षांनी, मधुमेह असलेल्यांनी एक-दोन वर्षांनी पुन्हा काढला तरी चालतो. तारीख ठरली की मधल्या काळात आरसा आणि बरगडी यांच्याकडे जाणारा हात लांबवायचा: आधी दहा मिनिटं, मग तासभर, मग उद्यावर. सुरुवातीला अस्वस्थता वाढते आणि मग आपोआप उतरते. ती उतरताना पाहिलेली असणं हाच उपचाराचा गाभा, आणि समुपदेशक हेच पायरीपायरीने करून घेतात. घरच्यांनीही ‘डोळे पिवळे दिसतायत का गं?’ या प्रश्नाला दिवसातून दहा वेळा उत्तर देऊ नये. प्रेमाने सांगावं, की तारखेला डॉक्टर पाहतील, चल, चक्कर मारून येऊ. झोप उडाली असेल, कामावर लक्ष लागत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करता येतो, मोफत, मराठीतूनही. काळजीचा आजार खराच असतो आणि त्यालाही डॉक्टर लागतो, हे कबूल करायला लाजू नये.

मधल्या तीन महिन्यांत यकृतासाठी प्रत्यक्ष काही करायचं असेल तर वजन. फॅटी लिव्हरमध्ये पाच टक्के वजन उतरलं की यकृतातली चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी सूज ओसरते, दहाच्या पुढे चट्टेसुद्धा मागे हटू शकतात. ८० किलोच्या माणसासाठी पहिली पायरी फक्त चार किलोंची. गोड पेयं बंद, रोज घाम येईल असं चालणं, दारू नको. कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची प्या. कॉफी पिणाऱ्यांच्या यकृताची अवस्था बरी आढळते, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे.

पुढच्या तपासणीला त्याच लॅबमध्ये जा. आदले दोन-तीन दिवस जिम आणि ट्रेक नको, कडक उपवासाचा दिवस टाळा, ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. सोबत सीबीसी करा, म्हणजे प्लेटलेट्स मिळतील. जुने रिपोर्ट तारखेने लावून न्या आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: हे कशामुळे असावं, यकृतात चट्टे आहेत का, आणि पुन्हा रक्त कधी द्यायचं? तिसऱ्याचं उत्तर तिथेच कागदावर लिहून घ्या.